मुळे सरांचं वाचन

सरकारी प्रशिक्षणात समई पेटवायची तर आधी पंखे बंद करावे लागतात. पंखे बंद केले की पाहुणे घामाघूम होतात, म्हणून भाषणाआधी पंखे पुन्हा लावतात आणि समई विझते. मग दिवसभर विझलेल्या समईसमोर आम्ही ज्ञान घेत बसतो. नोकरीतली किती वर्षं अशा हॉलमध्ये गेली याचा हिशेब मी ठेवला नाही. ठेवला असता तर तोही कुणीतरी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन भरायला सांगितला असता.

मी केंद्रप्रमुख होते. शाळेबाहेरच्या माणसाला हे पद समजावून सांगावं लागतं. आसपासच्या दहा-बारा गावांतल्या जिल्हा परिषद शाळा मिळून एक केंद्र होतं. या शाळांना भेटी द्यायच्या, वरून आलेलं खाली पोचवायचं, खालून मागवलेलं वर धाडायचं, हे केंद्रप्रमुखाचं काम. पोस्टमनचंही तेच. फरक एवढाच की पाकिटात काय आहे ते पोस्टमनला समजावून सांगावं लागत नाही. माझं केंद्र घनसावंगी तालुक्यात, गोदावरीच्या बाजूला होतं. ऊस, कापूस, आणि शाळेच्या भिंतीवर सुविचार, असा सगळा मुलूख.

अशाच एका वर्षी वरून डिस्लेक्सिया आला. म्हणजे त्याचं प्रशिक्षण आलं. डिस्लेक्सिया आधीपासून होताच.

आमच्याकडची प्रशिक्षणं साखळीनं उतरतात. पुण्यात काही निवडक लोक शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. प्रत्येक पायरीवर दिवस कमी होतात आणि सत्कार तेवढेच राहतात. वर आठवडाभर चाललेला विषय माझ्या केंद्रात आला तेव्हा चहापासून जेवणापर्यंतचा उरला होता. रसवंतीत ऊस तीन-चारदा चरकातून काढतात तसं हे असतं. शिक्षकाच्या हातात शेवटी चिपाड येतं, आणि ते गोड लागलं असं त्याला फीडबॅकमध्ये लिहून द्यावं लागतं.

मूळ गोष्ट अवघड नव्हती. मूल चांगलं तल्लख असतं. डोळे ठीक, कान ठीक. तोंडी हिशेब करतं, गोष्ट रंगवून सांगतं. पण अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ त्याच्या डोक्यात पक्की बसत नाही. आपण 'पाऊस' हा शब्द बघितला की तो वाचला जातोच, वाचायचा नाही असं ठरवलं तरी. या मुलाला प, त्याचा काना, मग ऊ, मग स, अशी विटेवर वीट रचावी लागते, आणि शेवटची ठेवेपर्यंत पहिली घसरलेली असते. हा आळस नाही आणि मठ्ठपणाही नाही. यावर गोळी नाही, पण वेगळ्या पद्धतीनं, सावकाश, पुष्कळ दिवस शिकवलं तर मूल वाचायला लागतं.

हे सगळं चरकातून निघाल्यावर माझ्या शिक्षकांपर्यंत पोचलं ते एवढंच: 'अक्षरं उलटी काढतो तो डिस्लेक्सिक.' अशी मुलं किती ते वर कळवायचं होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी फोन सुरू झाले. "मॅडम, आमच्याकडं उलटं काढणारं कुणीच न्हाई. शून्य कळवू का?" स्लाइडमध्ये जगातल्या थोर शास्त्रज्ञांचे आणि नटांचे फोटो होते, त्यांनाही म्हणे हाच त्रास होता. त्यावर एका गुरुजींनी विचारलं, "म्हंजे आमचं ते न वाचणारं पोरगं पुढं शास्त्रज्ञ होणार का?"

"तसं काही नाही हो."

"मंग फोटो कशाला दाखवला?"

मला हा प्रशिक्षणातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला.

आणखी एक अडचण आमच्या भागातली. इथं न वाचणाऱ्या मुलासाठी कारण शोधावं लागत नाही, ते तयारच असतं. आईबाप उसाला जातात, जवळच्या अंकुशनगरच्या फडापासून थेट कर्नाटकापर्यंत, मूल सोबत जातं. मग ते वाचणार कसं? जे उसाला जात नाही त्याचा बाप पितो. ज्याचा पीत नाही त्याच्या घरात मोबाइल आहे. ही कारणं खोटी नसतात, हीच पंचाईत आहे. इतक्या खऱ्या कारणांच्या गर्दीत आणखी एक खरं कारण उभं असेल तर ते दिसणार कुणाला?

मला ते दिसलं अपघातानं. प्रशिक्षणाच्या आधीच्या महिन्यात मी मुळे सरांच्या शाळेवर गेले होते.

चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. मुळे सर मूळचे मंठा तालुक्यातले, वय पंचेचाळिशीच्या आसपास, आवाज खणखणीत. त्यांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला सगळ्या कविता पाठ, पाढे पाठ, धडेसुद्धा पाठ. फळ्यावर सर स्वतः कधी लिहीत नसत, मुलांना उठवून लिहायला लावत. माझ्या भेटीच्या शेऱ्यात मी त्याबद्दल 'फलकलेखनात विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग' असं कौतुकानं लिहिलेलं आहे.

चौथीत वैष्णवी नावाची मुलगी होती. वर्गात वाचायचं म्हटलं की सर तिलाच उभं करत. मी पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं आणि विहिरीचा धडा वाचायला सांगितला. ती घडाघडा वाचू लागली. बोट ओळीखालून सरकत होतं, आवाजात चढउतार होते, स्वल्पविरामाला थांबत होती. मी पुस्तकात डोकावले. मी घाईत भलतंच पान उघडून दिलं होतं. तोंडानं विहीर चालली होती आणि समोर बैलपोळा होता. ओळी संपून चित्र आलं तरी बोट त्याच संथ गतीनं बैलाच्या शिंगांवरून पुढं गेलं.

धडा संपवून तिनं सरांकडं पाहिलं. सरांनी मान डोलावली.

"बराबर वाचू राह्यली नं, मॅडम?"

मी मुलांना बाहेर पाठवलं आणि हळूच म्हणाले, "सर, पान वेगळं होतं."

मुळे सर हापशावर गेले, पाणी पिऊन आले, आणि चहाचं विचारलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात याच विषयाचं प्रशिक्षण आहे, नक्की या.

ते आले. प्रशिक्षणात एक खेळ होता, आणि चरकातून चौथ्यांदा निघूनही त्यात थोडा रस उरला होता. प्रत्येकाला एक उतारा द्यायचा, त्यात अक्षरांची अदलाबदल केलेली. क दिसला की म म्हणायचं, ट दिसला की स म्हणायचं, अशी यादी आधी सांगायची. मग एकेकाला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचं आणि मी टाळ्या वाजवत म्हणायचं, "जल्दी जल्दी! एवढं सोपं येत नाही? मागचे खोळंबलेत." तालुक्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारे एक गुरुजी तिसऱ्या शब्दाला अडकले आणि लालबुंद झाले. हॉल हसून लोळला. मुळे सरांची पाळी आली तेव्हा ते जागेवर नव्हते. पाणी प्यायला गेले होते.

शेवटी मोबाइलवर उत्तरचाचणी झाली. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले, कारण पहिल्या माणसानं सोडवली आणि उत्तरं ग्रुपवर टाकली. आमचं केंद्र जिल्ह्यात पहिलं आलं.

मी स्कूटी काढत होते तेव्हा मुळे सर जवळ येऊन उभे राहिले.

"मॅडम, त्या कागदानं आज सगळ्यांचं जे झालं नं, ते माझं रोजच होतंय."

मला वाटलं गंमत करतायत. ते गाडीच्या आरशाकडं बघत बोलत राहिले. त्यांची आक्का दोन वर्गांनी पुढं होती. ती संध्याकाळी चुलीपुढं त्यांचे धडे मोठ्यानं वाचायची, हे ऐकून पाठ करायचे. दहावी तशी, बारावी तशी, डी.एड. पण तसंच. "अक्षर माझं इतकं घाण होतं, मॅडम, की तपासणाऱ्याला चुका दिसल्याच न्हाईत." लग्नानंतर बायको वाचून दाखवू लागली. शासनाचे आदेश आता मोबाइल वाचून दाखवतो. "पण सरकारी मराठी वाचताना तो बी अडखळतो."

"शाळेत कुणाला माहीत आहे?"

"पोरांना माहीत असंल. पोरं सांगत न्हाईत."

मी वैष्णवीबद्दल बोलले. तिला असं पाठांतरावर किती दिवस ढकलणार?

"तिचं मी दुसऱ्याच महिन्यात ओळखलं होतं. ओळखायला मला प्रशिक्षण कशाला लागतंय? माझ्यापाशी जे होतं ते तिला दिलं. पाठ कर म्हणलं. मी निभावलो, ती बी निभावंल." मग म्हणाले, "मॅडम, ओळखायचं कसं ते तुम्ही सांगितलं. शिकवायचं कसं, ते कधी सांगणार?"

घरी जाऊन मी पुस्तिका पुन्हा चाळली. व्याख्या होती, इतिहास होता, कायदा होता, लक्षणं तर रंगीत चौकटीत होती. शिकवण्याबद्दल तीन वाक्यं होती: वैयक्तिक लक्ष द्यावे, प्रोत्साहन द्यावे, तज्ज्ञांकडे पाठवावे. तालुक्याचे तज्ज्ञ म्हणजे एक कंत्राटी शिक्षक. ते बिचारे सगळ्या शाळांची माहिती भरत संगणकापुढं बसलेले असत. त्यांच्याकडं मूल पाठवलं असतं तर त्यांनी तेही भरून टाकलं असतं. मी वर विचारलं. शिकवण्याच्या पद्धती पुढच्या टप्प्यात येणार आहेत, असं उत्तर मिळालं. पुढच्या वर्षी टप्पा आला, तो परसबागेचा होता.

वैष्णवी चौथी पास होऊन शेजारच्या गावी हायस्कूलला गेली. तिथं पुस्तकं जास्त, शिक्षक तासातासाला बदलणारे, आणि धडा पाठ करून घ्यायला कुणाला वेळ नाही. दिवाळीनंतर ती शाळेत येईनाशी झाली. मी घरी गेले तर मायलेकी कापूस वेचून नुकत्याच आल्या होत्या. आई म्हणाली, "तिला येतं की वाचता, मॅडम. मुळे सरांपाशी घडाघडा वाचायची. हायस्कूलला गेली अन् बिघडली." वैष्णवी ओट्यावर बसून कापसातली वाळकी पत्ती निवडत होती. तिनं मान वर केली नाही. आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी परत आले. ती जुळवाजुळव अजून पुरी झालेली नाही.

मग मी निवृत्त झाले. शाल मिळाली, भाषणं झाली, माझ्या कार्यकाळात केंद्र शंभर टक्के प्रगत झाल्याचं मला तिथं कळलं.

त्यानंतर न्यायालयाचा निकाल आला. सेवेतल्या शिक्षकांनाही आता पात्रता परीक्षा पास व्हावी लागणार, निवृत्तीला पाचच्या वर वर्षं असतील त्यांना सक्तीची. मुदतीत पास झाला नाही तर घरी. गावोगावचे गुरुजी हवालदिल झाले, पण बहुतेकांची भीती विसरलेल्या गणिताची होती. मुळे सर एका संध्याकाळी माझ्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांना आपली भीती मला सांगावी लागली नाही. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, पास व्हायला नव्वदच्या आसपास गुण. वाचलं की गोल काळा करायचा. इथं पाठांतराला जागाच नव्हती. प्रश्न समोर आल्यावर तो वाचावाच लागणार होता, आणि तो वाचून दाखवायला आक्का तिथं नव्हती.

मी म्हटलं, "प्रमाणपत्र काढा. जास्तीचा वेळ मिळतो, वाचणारा मिळतो. तुमचा हक्क आहे."

"अपंगाचं प्रमाणपत्र?"

"हो."

ते हसले. का हसले ते सांगायला हवं. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांत अपंगत्वाचं प्रमाणपत्र ही मोठी चीज आहे. ते असलं की बदलीत गाव मागून घेता येतं, गैरसोयीचं गाव टाळता येतं. त्यामुळं बदल्यांच्या हंगामात आमच्याकडं अपंगत्वाची साथ येते. एक कर्णबधिर गुरुजी मला माहीत आहेत, ते पहिल्या रिंगला फोन उचलतात. अंधुक दृष्टीचे दुसरे तालुक्याच्या क्रिकेट संघाचे यष्टिरक्षक आहेत. अखेर वरून सगळ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी लागली, आणि नेमक्या त्या गदारोळात मी मुळे सरांना नवं प्रमाणपत्र मागायला पाठवत होते.

मी बरोबर गेले. सरकारी दवाखान्यातल्या अपंगत्व तपासणाऱ्या मंडळापुढं नंबर लागला. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते.

"काय करता?"

"शिक्षक आहे, साहेब."

डॉक्टरांचा पेन थांबला. "शिक्षक आहात आणि वाचता येत नाही?"

"येतं. वेळ लागतो."

"वेळ तर सगळ्यांनाच लागतो." मग त्यांनी समजावून सांगितलं की त्यांच्याकडची चाचणी शाळकरी मुलांची आहे. मोठ्या माणसाला लावायची चाचणी त्यांच्याकडं नाही.

मुळे सरांनी विचारलं, "मोठेपणी हे बरं होतं का?"

"नाही, बरं होत नाही."

"मंग?"

"मी फक्त म्हणतोय की तपासता येत नाही."

म्हणजे त्यांना हा त्रास असण्याचं वय निघून गेलं होतं. लहानपणी तपासायला जावं तर तेव्हा शब्दच जिल्ह्यात पोचलेला नव्हता, आणि शब्द पोचवणारी मी निवृत्त झाले होते.

बातमी आमच्याआधी गावात पोचली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'मुळे सरांना मंठ्याची ओढ लागली वाटतं!' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. एकानं लिहिलं, 'आम्हाला पण वाचायचा कंटाळा येतो, आमचं पण काढा.' मी नावं वाचत गेले. सगळे माझेच प्रशिक्षित. उत्तरचाचणीत पैकीच्या पैकी घेतलेले. सूत्रसंचालक गुरुजींनी मला फोन केला. "मॅडम, तुम्ही कशाला यात पडल्या? डिस्लेक्सिया पोरांना असतो. माणूस चांगला वीस-बावीस वर्षं पगार उचलून राह्यला." शाळेवर दोन पालकही येऊन गेले. भांडले नाहीत, नुसते खिडकीतून सरांना वर्ग घेताना बघत उभे राहिले. सर म्हणाले, भांडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझ्याकडं येऊ लागले. मी गाइड मोठ्यानं वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. मी परोपरीनं सांगितलं की हेच प्रश्न याच शब्दांत येणार नाहीत. ते म्हणायचे, "येतील त्यातले आठ-दहा. सुरुवातीचे दोन शब्द वाचले की मला पुढचं कळंल." त्यांची स्मरणशक्ती बघून मी थक्क होत असे, आणि मग मला बैलाच्या शिंगांवरून चाललेलं ते बोट आठवे.

बालमानसशास्त्राच्या प्रकरणात एक प्रश्न आला. मी वाचला: "डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत शिक्षकाने काय करावे? अ: त्याला शिक्षा करावी. ब: त्याला वर्गाबाहेर बसवावे. क: त्याला वाचनासाठी अधिक वेळ द्यावा. ड: यांपैकी नाही."

"क," मुळे सर डोळे मिटूनच म्हणाले.

"बरोबर."

"हा पक्का झाला. पुढचा घ्या."

मी पुढचा घेतला. चहा करायला उठले तेव्हा मला गाइड भिंतीवर फेकून द्यावंसं वाटलं, पण ते लायब्ररीचं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी जालन्याला गेले. माझं काही काम नव्हतं. परीक्षा केंद्राबाहेर चाळिशी-पन्नाशीतले शिक्षक विद्यार्थ्यांसारखे दिसत होते, आणि त्यांचे पालक असावेत अशी त्यांची मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. पेपर सुटला. लोक घोळक्यानं उत्तरं ताडत बाहेर पडले. मुळे सर उशिरा आले. शर्टाची बाही घामानं भिजली होती आणि उजव्या हाताचं पहिलं बोट शाईनं काळं झालं होतं, ओळीखाली धरून धरून.

"कसा गेला?"

"जेवढा वाचला तेवढा बराबर गेला. एक बी चुकला नसंल."

"किती वाचला?"

"निम्म्यापर्यंत गेलो असंल. मंग घंटी झाली."

आम्ही रस्त्याच्या कडेच्या टपरीवर चहा घेतला. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, डिस्लेक्सियाचा प्रश्न आला होता का?

"आला असंल, मॅडम," मुळे सर म्हणाले. "मागच्या पानांवर. तिथंवर मी पोचलो न्हाई."